पथ्याचें पीठ: ग्लूटेनरहित खाद्यांचा एक लहान उद्योग

परीक्षा संपून निकाल हातीं आला म्हणजे “आतां पुढें काय?” हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. नोकरीची वाट धरणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. धंद्याची वाट धरणारे थोडे. त्यांतहि आपल्या गांवच्या मातींत जें पिकतें त्यावरच कांहीं उद्योग करावा असें म्हणणारा तर विरळाच. मावळांतील ज्या खाचरांत पिढ्यान् पिढ्या भात पिकला, त्यांच्या कडेला आज बंगल्यांचीं कुंपणें उभीं आहेत. जमीन विकून आलेला पैसा किती दिवस पुरतो, हें येथील मुलांस निराळें सांगावयास नको. ह्या लेखांत आम्ही अशा एका लहान उद्योगाचा विचार करणार आहों, कीं ज्याचा मुख्य माल मावळांत पिकतो, ज्याचें कसब आपल्या आया-आज्यांच्या हातांत आहे, आणि ज्याची गरज कांहीं रुग्णांस औषधाइतकीच आहे. हा उद्योग म्हणजे ग्लूटेनरहित खाद्यपदार्थ तयार करण्याचा होय.

ग्लूटेन म्हणजे काय?

प्रथम एक सोपा प्रयोग करून पाहावा. गव्हाच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास तसाच ठेवावा. मग पाण्यानें भरलेल्या भांड्यांत तो हलक्या हातानें चोळीत राहावें. पाणी दुधासारखें पांढरें होईल. तें पिष्ट, म्हणजे स्टार्च. पाणी तीन-चार वेळां बदललें म्हणजे शेवटीं हातांत रबरासारखा ताणला जाणारा, पिवळसर, चिवट लगदा उरतो. तेंच ग्लूटेन. इटलींतील बोलोन्या येथील विद्वान याकोपो बेक्कारी ह्यानें गव्हाच्या पिठांतून हा पदार्थ असाच धुवून काढला होता, व त्याचें वर्णन १७४५ सालीं छापून प्रसिद्ध झालें.

आतां तोच प्रयोग तांदळाच्या पिठावर करावा. सगळा गोळा पाण्यांत विरून जातो. हातांत कांहींच उरत नाहीं. पोळी ताणली तरी तुटत नाहीं, पाव फुगतो, ह्याचें कारण ग्लूटेन. आणि तांदळाची किंवा नाचणीची भाकरी थापतांना कडा फाटतात, ह्याचें कारण त्याचा अभाव. ह्यावर आपल्या घरांतील स्त्रियांनीं उपाय फार पूर्वींच शोधला आहे. त्या पाण्यास आधण आणून त्यांत पीठ घालतात व उकड काढतात. कढत पाण्यानें पिष्टाचे कण फुगून एकमेकांस धरतात, आणि जें काम गव्हांत ग्लूटेन करतें तें येथें उकडलेलें पिष्ट करतें. उकडीचा मोदक वळतांना फाटत नाहीं, ह्यांतील रहस्य हेंच.

येथें एक गैरसमज दूर करावयास हवा. इंद्रायणीचा भात चिकट होतो, म्हणून त्यांत ग्लूटेन असलें पाहिजे, असें कित्येकांस वाटतें. तें खरें नव्हे. तांदळाचा चिकटपणा त्यांतील पिष्टाच्या जातीमुळें येतो. ग्लूटेनशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

रोगाची ओळख

बहुतेक माणसांस ग्लूटेनपासून कांहीं अपाय होत नाहीं. परंतु सीलियाक नांवाचा एक विकार आहे. तो ज्यांस असतो त्यांच्या पोटांत गहूं, जव किंवा राय ह्यांतील ग्लूटेन गेलें कीं शरीराची संरक्षकशक्ति उलटून स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मूल जेवतें, पण अंगीं लागत नाहीं. वारंवार जुलाब होतात, पोट फुगतें, उंची खुंटते, रक्त कमी होतें. मोठेपणींहि हा विकार प्रकट होतो. तो संसर्गजन्य नाहीं.

लंडनच्या सॅम्युअल जी ह्या वैद्यानें १८८८ सालीं ह्या विकाराचें सुरेख वर्णन लिहिलें. परंतु दोष गव्हाचा आहे हें त्यासहि ठाऊक नव्हतें. तो शोध हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके ह्याचा. गव्हाविषयींचा संशय त्याच्या मनांत दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आला होता. पुढें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडमध्यें भयंकर दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आणि लोक उपाशी असतांना हीं आजारी मुलें मात्र सुधारूं लागलीं. पाव पुन्हां मिळूं लागतांच तीं पुन्हां आजारी पडलीं. डिके ह्यानें आपला प्रबंध १९५० सालीं उट्रेख्ट येथें सादर केला.

आपल्या देशांत हा विकार गव्हावर जगणाऱ्या उत्तरेकडील प्रांतांत अधिक व भातावर जगणाऱ्या दक्षिणेंत कमी आढळतो, असें पाहणींत दिसून आलें आहे. महाराष्ट्र ह्या दोहोंच्या मध्यें आहे; आणि पुण्या-मुंबईकडे तर सर्व प्रांतांचे लोक राहतात.

ह्या रोगावर जन्मभर पथ्य पाळणें हा एकच उपाय आहे. पण तें पथ्य वैद्याच्या सांगण्यावरूनच सुरू करावें. संशय येतांच गहूं सोडून मग तपासणीस गेल्यास रक्ताच्या व आतड्याच्या तपासणीचा निष्कर्ष चुकीचा येण्याचा संभव असतो. आणि ज्यास हा विकार नाहीं, अथवा गव्हाची दुसरी कांहीं बाधा नाहीं, त्यानें केवळ फॅशन म्हणून गहूं सोडण्यांत विशेष लाभ नाहीं. व्यापार करणाऱ्यानें हें सत्य लपवूं नये.

मावळची सामग्री

आतां आपल्या पदरीं काय आहे तें पाहूं. आंबेमोहराचा वास मावळ-मुळशीस फार जुना. इंद्रायणी ही त्याच घराण्यांतील. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या मावळांतील संशोधन केंद्रानें १९८७ सालीं ती शेतकऱ्यांस दिली. डोंगरउतारावर नाचणी व वरी होते. ज्वारी-बाजरी जुन्नर-शिरूरकडून सहज मिळते. ह्यांपैकीं एकाहि धान्यांत ग्लूटेन नाहीं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्यें सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. ज्या रुग्णांचीं हाडें अन्न न शोषलें गेल्यामुळें दुर्बल होतात, त्यांस ही मोठीच देणगी आहे. संयुक्त राष्ट्रांनीं भारताच्या सूचनेवरून २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, त्यामुळें शहरांतील गिऱ्हाइकहि आतां ह्या धान्यांस कमी लेखीत नाहीं.

आणखी एक भांडार आपल्या घरांत आहे, तें म्हणजे उपासाचा डबा. वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचें पीठ, शेंगदाणे, ह्यांतील एकाहि पदार्थांत ग्लूटेन नाहीं. आणि लोणावळ्याची चिक्की तर गूळ व शेंगदाणे ह्यांचीच. बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ पासून चाललें व १८६३ सालीं घाट खुला झाला. त्या काळीं मजुरांस शक्ति यावी म्हणून गूळ-दाणे विकले जात, त्यांतूनच पुढें चिक्की झाली, असें सांगतात. आज आगगाडींतून उतरणारा प्रवासी चिक्की घेतल्यावांचून परत जात नाहीं. म्हणजे गिऱ्हाइकाची रहदारीहि आयती आहे.

सुरवातीस पदार्थ थोडे निवडावेत. भाकरीसाठीं तांदूळ-नाचणीचें पीठ, उकडीच्या मोदकाचें पीठ, आणि शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, एवढे तीन पुरेत. आंबोळी, घावन, अनारसे ह्यांचीं पिठें मागाहून घ्यावींत. पाव व बिस्किटें हीं सर्वांत शेवटीं. कारण ग्लूटेनशिवाय पाव फुगविणें ही निराळी विद्या आहे, व तिच्यांत नवशिक्याचा माल फार वायां जातो.

पाव ग्रॅमचा हिशेब

येथवर वाचून कोणी म्हणेल, “तांदूळ दळला आणि पाकिटांत भरला, झालें!” परंतु ह्या धंद्याची खरी कसोटी येथूनच सुरू होते. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणें ‘ग्लूटेनरहित’ म्हणून विकावयाच्या अन्नांत ग्लूटेनचें प्रमाण किलोस २० मिलिग्रॅमच्या आंत असलें पाहिजे. आंतरराष्ट्रीय कोडेक्स प्रमाणहि हेंच आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे किती, हें विद्यार्थ्यांनीं कागदावर मांडून पाहावें.

गव्हाच्या पिठांत ग्लूटेनचें प्रमाण सुमारें ८ टक्के धरूं. म्हणजे १ ग्रॅम पिठांत ८० मिलिग्रॅम ग्लूटेन. तेव्हां २० मिलिग्रॅमसाठीं गव्हाचें पीठ लागेल फक्त पाव ग्रॅम! एक किलो तांदळाच्या पिठांत चिमूटभर कणीक पडली कीं मर्यादा भरली. आतां गांवच्या गिरणीचा विचार करा. आधींच्या माणसाचा गहूं दळून झाला. जात्यांत व कापडी नळींत ५० ग्रॅम कणीक अडकून राहिली. आणि त्यावर आपला १० किलो तांदूळ पडला. ५० ग्रॅम कणकेंत ४,००० मिलिग्रॅम ग्लूटेन. तें १० किलोंत वांटलें म्हणजे किलोस ४०० मिलिग्रॅम. मर्यादेच्या वीस पट! तांदूळ शुद्ध, शेतकरी प्रामाणिक, दळणारी बाई स्वच्छ. तरी पीठ रुग्णास विष.

हें विष डोळ्यांस दिसत नाहीं, वासानें कळत नाहीं, आणि पीठ भाजल्यानें किंवा उकडल्यानें जात नाहीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासांत असें दिसून आलें कीं, रोज अवघें ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटांत गेलें तरी रुग्णाच्या आतड्याचें अस्तर बिघडूं लागतें. ५० मिलिग्रॅम म्हणजे आपल्याच हिशेबानें कणकेचा अर्ध्या ग्रॅमहून थोडा अधिक भाग. डब्यांत “पथ्याची भाकरी” घेऊन शाळेंत येणारें मूल आईच्या शब्दावर विश्वास ठेवून ती खातें. आई पाकिटावरील शब्दावर विश्वास ठेवते. त्या साखळींत शेवटचा दुवा आपण आहों, हें उद्योजकानें क्षणभरहि विसरतां कामा नये.

गहूं आणखी कोठें कोठें दडून बसतो, तेंहि पाहून ठेवावें. बाजारांतील बहुतेक हिंग शुद्ध नसून बांधणीचा असतो, व त्या बांधणींत पुष्कळदां गव्हाचें पीठ असतें. मेतकुटांत थोडे गहूं घालण्याची चाल आहे. थालीपिठाच्या भाजणींत व सातूच्या पिठांत गहूं असतो. कुरडई तर बहुधा गव्हाचीच. सोया सॉस व माल्ट ह्यांतहि गहूं किंवा जव असतो. धान्याचीं जुनीं पोतीं, एकच चाळण, एकच पोळपाट, चिक्की लाटण्याचा ओटा, तळणीचें तेल, इतकेंच काय पण कणीक मळून आलेल्या बाईचा पदर, हीं सर्व वाटा आहेत. चिक्कींत गहूं नाहीं हें खरें. पण त्याच ओट्यावर सकाळीं बिस्किटें केलीं असतील, तर त्या चिक्कीविषयीं खात्री देतां येत नाहीं.

जागा, यंत्र व सरकारी नियम

ह्यावरून पहिला नियम निघतो: जागा निराळी हवी. घरांतील स्वयंपाकघरांत पोळ्या होतात, म्हणून तेथें हें काम करूं नये. एक लहान खोली असली तरी चालेल; पण तिच्या उंबऱ्याच्या आंत गव्हाचा दाणा येतां कामा नये. दळणासाठीं स्वतःची घरघंटी घ्यावी, आणि ती नवी घ्यावी. जुनी घेतल्यास तिच्या पोटांत मागच्या धन्याची कणीक असण्याचा संभव असतो. चाळण्या, परात, कलथे, झाडू, पुसणीं हीं सर्व त्याच खोलींतलीं. काम करणाऱ्यांनीं आंत येतांना हात धुवून अंगावरचें वस्त्र बदलावें. जेवणाचे डबे बाहेर ठेवावेत.

धान्य खेडोपाडीं घेतांना तें मळणीच्या वेळीं गव्हाच्या खळ्यावर पडलें होतें काय, व्यापाऱ्याकडे गव्हाच्या पोत्यांत भरलें होतें काय, हें विचारावें. शक्य तों भात शेतकऱ्याकडूनच घेऊन ज्या गिरणींत केवळ भातच सडतात तेथें तो सडून घ्यावा. मग निवडून, धुवून, खडखडीत वाळवून दळावा. प्रत्येक दळणास क्रमांक द्यावा आणि वहींत तारीख, धान्य कोणाचें, किती किलो, कोणीं दळलें, हें लिहावें. ही वही म्हणजे कारकुनी कटकट नव्हे. उद्यां एका पाकिटाविषयीं तक्रार आली तर त्या दळणाचींच पाकिटें परत घेतां यावींत, सगळा माल नव्हे, हा तिचा उपयोग.

लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणांत हवा अशी दमट असते कीं पीठ गोळे धरतें व चिक्की पाझरते. म्हणून वाळवणाचीं कामें होळीपासून मृगापूर्वीं उरकावीं. पावसाळ्यांत दळण थोडें थोडें करून लगेच हवाबंद पाकिटांत भरावें.

अन्न विकणाऱ्या प्रत्येकास, तो कितीहि लहान असो, २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालीं नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. मिळालेला १४ आंकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. घटकद्रव्यें, वजन, किंमत, दळणाचा क्रमांक व टिकण्याची मुदत हींहि छापावींत. आणि ‘ग्लूटेनरहित’ हा शब्द छापण्यापूर्वीं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंतून पिठाची तपासणी करून घ्यावी. तपासणीचें महत्त्व लोणावळ्यास सांगावयास नको. डिसेंबर २०१८ मध्यें अन्न व औषध प्रशासनानें तेथील एका जुन्या, नामांकित चिक्कीचें उत्पादन व विक्री अन्नसुरक्षेच्या नियमांची पूर्तता होईपर्यंत थांबविण्याचा हुकूम दिला होता. एवढ्या जुन्या नांवासहि नियम चुकत नाहींत, तर नव्यास ते कसे चुकतील?

किंमत कशी ठरवावी?

आतां पैशाचा हिशेब. पुढील आंकडे बाजारभाव नव्हेत. रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, एक किलो पिठास तांदूळ ६० रुपये, निवडण्यांतील तूट ३, मजुरी व दळण २५, पाकीट १२, मिळून १०० रुपये झाले. आणि एका दळणाच्या तपासणीस ३,००० रुपये लागले. दळण ५० किलोंचें असेल तर तपासणीचा बोजा किलोमागें ६० रुपये पडतो व किंमत १६० होते. तेंच दळण ३०० किलोंचें असेल तर बोजा १० रुपये, किंमत ११०.

ह्या एका उदाहरणांत ह्या धंद्याचें सारें अर्थशास्त्र आहे. धान्य महाग नाहीं. खात्री महाग आहे. शहरांतील दुकानांत असलें पीठ साध्या पिठाहून महाग कां मिळतें, ह्याचें उत्तरहि येथेंच मिळतें. एकट्या कुटुंबास हा खर्च जड जातो. पण पांच-सहा घरांनीं, किंवा गांवच्या बचत गटानें, मिळून एक खोली, एक घरघंटी व एक तपासणी केली तर तोच खर्च सहाव्या हिश्श्यावर येतो. कामशेत, वडगांव, पवन मावळ, नाणे मावळ ह्या बाजूंस बचत गटांच्या बायकांस पापड-मसाल्यांची संवय आहे. नवी गोष्ट एवढीच कीं, ह्या खोलींत गव्हास मज्जाव. केंद्र सरकारनें २०२० सालीं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं योजना सुरू केली, तींत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तींत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेविलें होतें. सध्यांच्या तरतुदी तालुका कृषि कार्यालयांत विचारून घ्याव्यात. मात्र अनुदानाच्या भरंवशावर धंदा काढूं नये. धंदा अनुदानावांचून उभा राहील असा हिशेब बसला, तरच अर्ज करावा.

विक्री व शब्द

गिऱ्हाईक दोन प्रकारचें आहे. एक शनिवार-रविवारचा प्रवासी. तो चिक्की व तांदळाचें पीठ चवीसाठीं घेईल. त्याच्यावर नगद पैसा मिळतो, पण पावसाळा सरला कीं तो कमी होतो. दुसरें गिऱ्हाईक रुग्णाचें कुटुंब. तें संख्येनें थोडें. परंतु महिन्याच्या महिन्यास तेंच पीठ मागेल, आणि एकदां विश्वास बसला कीं वर्षानुवर्षें सोडणार नाहीं. पुण्या-मुंबईचे पोटविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व रुग्णांचीं मंडळें ह्यांस तपासणीचा दाखला दाखवून माल सुचवावा; टपालानें पाकिटें धाडावींत. पहिल्या गिऱ्हाइकावर धंदा चालतो. दुसऱ्यावर तो टिकतो.

जाहिरात करतांना जीभ आवरावी. “हें पीठ सर्व रोगांवर गुणकारी” असें छापूं नये. सडलेल्या तांदळाचें पीठ मधुमेह्यास बेतानेंच खावें लागतें, हें ग्लूटेन नसल्यानें बदलत नाहीं. आणि ज्या दळणाची तपासणी झाली नाहीं, त्यावर तो शब्द छापूं नये. तें “तांदळाचें पीठ” म्हणून साध्या भावानें विकावें. त्या दिवशीं नुकसान होईल. पण एखादें दळण मर्यादेबाहेर गेल्याचें प्रयोगशाळेनें कळविलें, दाराशीं गाडी उभी आहे, मागणी पुरी करावयाची आहे, अशा वेळीं माल परत खोलींत नेण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं नसेल, त्यानें दुसरा कोणताहि चांगला धंदा करावा. हा करूं नये.

विद्यार्थ्यांस आमची सूचना एवढीच कीं, ह्या सुटींत कणीक धुण्याचा प्रयोग घरीं करून पाहावा, आपल्या गांवच्या गिरणींत जाऊन एका दळणानंतर आंत किती पीठ उरतें तें गिरणीवाल्याच्या परवानगीनें काढून तोलावें, आणि वरील रीतीनें हिशेब मांडावा. आलेला आंकडा जून महिन्यांत विज्ञानाच्या तासास घेऊन यावा. ज्यांचें गणित बरोबर येईल, त्यांच्याशीं पुढच्या गोष्टी बोलण्यास आम्ही आनंदानें बसूं.